पियानोवरील अवघड रचना आणि स्नेहसंमेलनाची घाई

मा. संपादक महोदय,

सादर नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत अलीकडे एका पालकांनी पियानोच्या शिकवण्यांविषयी पोटतिडकीने लिहिले होते. मुलांच्या हाताला न पेलणाऱ्या रचना वर्गांतून शिकवल्या जातात, वर्षभर तेच एक गाणे घोटले जाते, मूल कंटाळते आणि शेवटी वाद्यावर कापड पडते ते कायमचे. तेव्हा तयारीपलीकडची कोणतीही रचना शिकवण्यास शिक्षकांनी सरळ नकार द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी सांगितलेले दुखणे खरे आहे. सांगली-मिरजेत पेटी आणि पियानो शिकवताना मी ते अनेक घरांत पाहिले आहे. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र मला पटत नाही. अवघड रचना शिकायला घेणे आणि ती कच्ची असताना व्यासपीठावर नेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत थांबली, तर मुलांना मोठ्या रचनांपासून दूर ठेवण्याची गरज उरणार नाही, असे मला वाटते. म्हणून हे काहीसे लांबलेले पत्र.

पियानो शिकू लागलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला, आणि त्याहून अधिक त्याच्या आईवडिलांना, बेथोवनची ‘फ्युर एलीझ’ हवी असते. १८१० साली लिहिलेली आणि बेथोवनच्या निधनानंतर चाळीस वर्षांनी, १८६७ मध्ये प्रथम छापली गेलेली ही छोटी रचना अतिशय गोड आहे, आणि तिचा आरंभ कोणत्याही हुशार मुलाला थोड्याच दिवसांत साधतो, कारण तिथे दोन्ही हातांवर एकदम भार क्वचितच येतो. डाव्या हाताने खालून चढवत आणलेले स्वर उजवा हात वर उचलून घेतो. पण पुढे एफ मेजरमधला भाग येतो आणि उजव्या हाताचे स्वर एकाएकी दुप्पट वेगाने धावू लागतात. त्यानंतरच्या भागात डाव्या हाताने खालचा ‘ए’ सलग वाजवत ठेवायचा आणि वर उजव्या हाताने भरीव कॉर्ड (एकदम दाबलेले अनेक स्वर) द्यायचे असतात, आणि त्यातून बाहेर पडताना ए मायनरचे स्वर भराभर वर चढून काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्यांवरून एकेक पायरी खाली उतरतात. स्नेहसंमेलनात वाजतो तो बहुधा आरंभच. मधले भाग गाळलेले असतात किंवा अडखळत उरकलेले असतात, आणि टाळ्या मात्र पूर्ण रचनेच्या नावाला पडतात.

बेथोवनच्याच ‘मूनलाइट’ सोनाटाच्या, म्हणजे तीन भागांच्या मोठ्या रचनेच्या, पहिल्या भागाविषयीचा गैरसमज याहून खोल आहे. हा भाग संथ आहे, म्हणून सोपा आहे, असे पालक धरून चालतात. १८०१ च्या या सोनाटातील पहिला भाग सी शार्प मायनरमध्ये आहे, म्हणजे चार स्वर तीव्र आहेत हे सतत लक्षात ठेवावे लागते. पण खरी अडचण त्याहून वेगळी आहे. उजव्या हाताची बाहेरची बोटे, जी जात्याच दुबळी असतात, त्यांनी गाण्याची ओळ ठळक वाजवायची आणि त्याच हाताच्या उरलेल्या बोटांनी तीन-तीन स्वरांची संगत अगदी हलकी ठेवायची, शिवाय खर्जातले स्वर बदलतील तसा पायाखालचा पेडल अचूक क्षणी उचलून पुन्हा दाबायचा. बोटांना वेग नसला तरी चालते, पण एकाच हाताच्या बोटांचे वजन वेगवेगळे ठेवता आले पाहिजे, आणि ते यायला पुष्कळ काळ जातो. याच सोनाटाचा तिसरा भाग कमालीच्या वेगाचा आहे. तो अवघड आहे हे कोणालाही ऐकूनच कळते, म्हणून त्याच्या वाटेला मुले लवकर जात नाहीत. पहिल्या भागाने मात्र अनेकांना फसवले आहे.

आता तयारी मोजायची कशी, हा प्रश्न येतो, आणि आपल्या भागात तो विशेष गुंतागुंतीचा आहे. पियानोकडे वळणारी मुले, आणि निवृत्तीनंतर हौसेने शिकणारी मोठी माणसेही, आपल्याकडे बरीचशी पेटीवरून येतात. पेटीवर उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा हात भात्यावर असतो. त्यामुळे पाच-सात वर्षे पेटी वाजवलेल्या मुलीचा उजवा हात पलटे आणि ताना सफाईने काढतो, तिचे स्वरज्ञान पक्के असते, लयीला ती घट्ट असते, आणि त्याच मुलीचा डावा हात पियानोपुढे अगदी पहिल्या दिवसाचा असतो. पेटीचा सूर पट्टी दाबून ठेवली आणि भाता चालू राहिला की टिकतो. पियानोचा सूर हातोडी तारेवर आदळली त्या क्षणापासून विरत जातो, म्हणून एका सुरातून दुसऱ्या सुरात जाण्याची कला बोटांना नव्याने शिकावी लागते. पेटीवर आवाज लहानमोठा करायचा तो भात्याने, पियानोवर तो प्रत्येक बोटाने पट्टी किती झपाट्याने खाली नेली यावर ठरतो. सरगम वाचण्याची सवय असते, पण पाच-पाच रेषांच्या दोन ओळी एकाच नजरेत वाचण्याची नसते. अशा मुलीची तयारी किती, याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. तिचा कान पाचवीत आहे, उजवा हात चौथीत, डावा हात बालवाडीत आणि वाचन पहिलीत.

म्हणूनच ‘तयारीपलीकडची रचना नको’ हा नियम मला निरुपयोगी वाटतो. कोणत्या अंगाने पलीकडची, हे आधी विचारले पाहिजे. रचना एका अंगाने अवघड असेल आणि बाकीच्या अंगांनी हाताशी असेल, तर ती अवश्य द्यावी. वाचन, डावा हात, पेडल, वेग आणि हाताचा ताण अशा सगळ्याच अंगांनी एकदम अवघड असेल, तर ती थांबवावी. पेटीवरून आलेल्या मुलांना मी बाखचे दोन-सुरी ‘इन्व्हेन्शन’, म्हणजे प्रत्येक हाताला स्वतःची ओळ असलेले छोटे तुकडे, लवकर देते. कागदावर ते त्यांच्या आवाक्याबाहेरचे दिसतात. पण त्यांत जाड कॉर्ड नाहीत, पेडल लागत नाही, सप्तकभर हात ताणून दोन स्वर एकदम धरण्याची सक्ती नाही. अवघड आहे ती एकच गोष्ट: डाव्या हाताला उजव्याइतकेच बोलावे लागते. उजवा हात जे म्हणतो ते डावा हात मागाहून म्हणतो, आणि मग दोघे एकमेकांना उत्तरे देतात. ज्या मुलीचा कान तयार आहे, तिला डाव्या हाताची चूक स्वतःलाच ऐकू येते आणि ती सुधारल्याशिवाय तिला चैन पडत नाही. असे ओढून नेणारे काम बिनचेहऱ्याच्या स्वाध्यायांनी होत नाही.

हे पंधरा इन्व्हेन्शन बाखने मुळात शिकवण्यासाठीच लिहिले होते. त्याने १७२० साली आपला थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडमान याच्यासाठी एक वही सुरू केली. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. वहीच्या आरंभी स्वरलिपीच्या खुणा आहेत, अलंकरणांचा तक्ता आहे, बोटे कशी घालावीत हे दाखवणारा छोटा तुकडा आहे. त्याच वहीत थोड्या पानांनंतर अशी प्रील्यूड येतात, की ज्यांची वाढवलेली रूपे पुढे बाखच्या मोठ्या संग्रहात गेली आणि आजही जाणते वादक मैफलीत वाजवतात. या इन्व्हेन्शनची पहिली रूपेही त्याच वहीत आहेत. १७२३ मध्ये त्यांची स्वच्छ प्रत करताना मुखपृष्ठावर बाखने उद्देश लिहून ठेवला: दोन सुरांत स्वच्छ वाजवायला शिकावे, पुढे तीन सुरांत, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वादनात गाण्याचा गुण यावा. सोपे आणि अवघड त्याने एकाच वहीत ठेवले होते.

आपल्याकडेही हेच चालत आले आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. अब्दुल करीम खाँसाहेबांचे वास्तव्य मिरजेत होते आणि त्यांच्या स्मरणार्थ मीरासाहेबांच्या दर्ग्यात आजही गाणे होते. या परंपरेत तालमीला बसलेल्या शिष्याच्या कानावर त्याच्या गळ्याला न झेपणारे पुष्कळ काही पडते आणि त्यातले काही तो गळ्यातून काढण्याचा यत्नही करतो. गुरू त्याला अडवत नाही. पण तालमीत जे चालले आहे ते उद्याच्या मैफलीत गायचे, असे कोणी म्हटले तर गुरू ते ऐकून घेणार नाही. जी चीज अंगात मुरली आहे ती लोकांपुढे, आणि जी मुरायची आहे ती खोलीत. पियानो शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा साधा विवेक आपण का सोडला, हे मला कळत नाही. मला वाटते, पियानो परका असल्यामुळे ऐकणाऱ्याला कच्चेपण पटकन ओळखू येत नाही, आणि म्हणून ते खपून जाते. असाच एखादा मुलगा पेटीवर यमन इतका कच्चा वाजवू लागला असता तर सांगलीच्या श्रोत्यांनी तो पाच मिनिटेही सहन केला नसता.

कच्ची रचना ठरलेल्या तारखेला उभी करण्याची सक्ती झाली की हातावर जो ताण येतो, त्याकडे पालकांनी गंभीरपणे पाहावे. स्क्र्याबिन हा रशियन रचनाकार मॉस्कोच्या संगीतशाळेत असताना, १८९१ च्या सुमारास, सहाध्यायांच्या चढाओढीत लिस्टची ‘डॉन हुआन’ फँटसी आणि बालाकिरेवची ‘इस्लामे’ या अत्यंत अवघड रचनांचा अतोनात सराव करून बसला आणि त्याचा उजवा हात दुखावला. त्याचे हात मुळात लहान होते. त्या काळात त्याने केवळ डाव्या हातासाठी लिहिलेली प्रील्यूड आणि नॉक्टर्न, त्याची नवव्या क्रमांकाची कृती, आजही वाजवली जाते. हात पुढे सुधारला आणि तो मैफली करू लागला, पण प्रत्येकाचे नशीब तसे नसते. हा तर असामान्य प्रतिभेचा, नामांकित संस्थेत शिकणारा तरुण होता. आपल्याकडच्या दहा वर्षांच्या मुलाचा पंजा पियानोचे एक सप्तक, म्हणजे सुमारे साडेसोळा सेंटिमीटर, आरामात गाठू शकत नाही. त्याला सप्तकांची रचना देऊन ‘ताण, ताण, जमेल’ म्हणणे चुकीचे आहे. मनगट आवळले जात असेल, खांदे वर चढत असतील, सरावानंतर कोपरापासून पुढे दुखत असेल, तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबला पाहिजे आणि दुखणे टिकले तर डॉक्टरांना दाखवले पाहिजे. ‘रियाजाने हात दुखतोच’ हे मी अनेक घरांतून ऐकते. स्नायू थकणे निराळे आणि दुखणे निराळे.

मग अवघड रचना शिकायला घ्यायची तर कशी? एका वेळी एकच घ्यावी, आणि तिच्यासाठी रोजच्या सरावातला लहानसा वाटा ठेवावा, पाऊण तासातली दहा-पंधरा मिनिटे. त्या वेळात पूर्ण रचना आरंभापासून वाजवत सुटायचे नाही. चार किंवा आठ मात्रापट्ट्यांचा (पानावर उभ्या रेघांनी पाडलेल्या ‘बार’चा) तुकडा घ्यायचा, बोटांचे आकडे पेन्सिलीने लिहायचे आणि ते रोज बदलायचे नाहीत, एकेक हात वेगळा बसवायचा, आणि विशेषतः डावा हात न बघता वाजवता येईल इथपर्यंत न्यायचा. तुकडा जिथे संपतो तिथे थांबायचे नाही, पुढच्या मात्रापट्टीच्या पहिल्या स्वरावर जाऊन थांबायचे. नाहीतर प्रत्येक तुकड्याच्या टोकाला एक खाच पडते आणि पुढे रचना जोडताना नेमकी तिथेच गाडी अडते. शक्य असेल तर शेवटचा तुकडा आधी शिकावा आणि मागे मागे यावे, म्हणजे वाजवताना आपण नेहमी अनोळखी भागाकडून ओळखीच्या भागाकडे जातो आणि हात सैल राहतो. लय इतकी विलंबित ठेवावी की चूक होणारच नाही, कारण बोटे चूकसुद्धा तितक्याच इमानाने पाठ करतात. आदल्या संध्याकाळी हट्टाने न सुटलेली जागा रात्रीच्या झोपेनंतर पुष्कळदा आपोआप सुटलेली असते, म्हणून एकाच बैठकीत दोन तास एकाच ओळीशी झुंजण्यात काही हशील नाही. शोपँ आपल्या शिष्यांना दिवसाला तीन तासांहून अधिक सराव करू देत नसे, असे त्याच्या शिष्यांच्या आठवणींतून कळते. आणि ती शाळकरी मुले नव्हती.

आणि काही आठवड्यांनी रचना पुढे सरकत नाही असे दिसले, तर ती बाजूला ठेवावी. पेन्सिलीच्या खुणांसह, तारीख टाकून, कपाटात. सहा महिन्यांनी तीच पाने उघडली तर ती निम्मी सोपी झालेली असतात, कारण मधल्या काळात हात दुसरीकडे वाढलेला असतो. रचना अशी बाजूला ठेवण्यात कसलाही पराभव नाही, हे शिक्षकाने मुलाला आणि पालकांना आधीच सांगून ठेवले पाहिजे.

या काळात बाकीच्या वेळेला काय वाजवायचे, याकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. तयारीच्या आतल्या, आठवडा-दोन आठवड्यांत हाती येणाऱ्या रचना भरपूर वाजवल्या पाहिजेत, आणि त्या उत्तम रचनाकारांच्या असू शकतात. शुमानने १८४८ मध्ये आपल्या थोरल्या मुलीच्या सातव्या वाढदिवसाच्या निमित्ताने सुरू केलेल्या बालसंग्रहात ४३ रचना आहेत. चायकोव्हस्कीच्या १८७८ च्या संग्रहात २४ आहेत. बुर्गम्युलरच्या शंभराव्या क्रमांकाच्या कृतीतले २५ स्वाध्याय इतके गाणारे आहेत की मुलांना ते स्वाध्याय वाटतच नाहीत. बार्टोकच्या ‘मिक्रोकॉसमॉस’मध्ये सहा भागांत १५३ रचना आहेत, दोन्ही हात पाच स्वरांत एकच ओळ वाजवतात इथपासून त्या निघतात आणि विषम लयीच्या बल्गेरियन नृत्यांपर्यंत पोहोचतात. एवढा खजिना उपलब्ध असताना मुलाने वर्षभर एकच ‘फ्युर एलीझ’ घोटणे म्हणजे वाचायला शिकण्याऐवजी एकच कविता पाठ करणे होय. शुमानने तरुण संगीतकारांसाठी लिहिलेल्या सूचनांत, अवघड रचना कशीबशी वाजवण्यापेक्षा सोपी रचना सुंदर वाजवावी, असे म्हटले आहे. माझा त्याच्याशी विरोध नाही. लोकांपुढे वाजवताना हे वाक्य शंभर टक्के खरे आहे. शिकताना मात्र केवळ त्यावर राहिलो तर हात जिथल्या तिथे राहतो.

महाविद्यालयात गेलेल्या मुलांना शोपँची ‘फँटसी-इम्प्रॉम्प्ट्यू’ खुणावते. १८३४ च्या सुमारास लिहिलेली आणि शोपँच्या निधनानंतर, १८५५ मध्ये छापली गेलेली ही रचना खरोखर फार वरच्या तयारीची आहे. तिच्यात उजव्या हातात चार स्वर पडतात तेवढ्याच वेळात डाव्या हातात तीन पडतात, आणि हे पानेच्या पाने चालते. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या मुलांना इथे फार त्रास होतो. आपल्या मुलांना मात्र एक सोय आहे, तिचा उपयोग कोणी करून देत नाही. ज्याने हातावर ताल धरून दुगुन, तिगुन आणि आड म्हटली आहे, त्याला एका लयीवर दुसरी लय चालवण्याची कल्पना नवी नसते. आधी दोन मात्रांत तीन, म्हणजे आड, दोन हातांत वाटून घ्यावी. देबुसीच्या पहिल्या ‘अराबेस्क’मध्ये नेमकी हीच दोनवर तीनची गुंफण आहे आणि ती रचना शोपँच्या मानाने पुष्कळ आवाक्यातली आहे. ती मुरल्यावर चार मात्रांत तीन हातावर म्हणावी, मग ‘फँटसी-इम्प्रॉम्प्ट्यू’मधल्या एकाच मात्रापट्टीवर, अगदी विलंबित, बसावे. तबल्याच्या वर्गात आठवड्यातून एक दिवस जाणारा पियानोचा विद्यार्थी इथे बाकीच्यांच्या पुढे निघून जातो. मिरज-सांगलीत तबला शिकवणाऱ्यांची वाण नाही, तेव्हा पालकांनी हा विचार करावा.

पडद्यावर वरून रंगीत पट्ट्या पडतात आणि त्या जिथे टेकतात ती पट्टी मूल दाबते, अशा व्हिडिओंवरून मोठ्या रचना शिकण्याची पद्धत आता घरोघरी पोहोचली आहे. तिने मुले वाद्याजवळ येतात, हे मान्य आहे. पण त्या पट्ट्या बोट कोणते घालावे हे बहुधा सांगत नाहीत, कोणता सूर गाण्याचा आणि कोणता संगतीचा हेही दिसत नाही, आणि वाक्य कुठे संपते हे तर नाहीच. महिनोन्महिने खपून एक रचना पाठ होते, ती विसरली की हातात काही उरत नाही, आणि पुढची रचना पुन्हा शून्यापासून सुरू होते. ६१ पट्ट्यांच्या हलक्या कीबोर्डवर असे शिकलेले मूल ८८ वजनदार पट्ट्यांच्या पियानोपुढे बसले की त्याला आपलीच रचना ओळखू येत नाही. अवघड रचना पेलण्याची कसोटी मी एवढीच मानते, की ती शिकून झाल्यावर त्याहून थोडी सोपी अशी दुसरी, न ऐकलेली रचना मुलाला पानावरून स्वतः उकलता आली पाहिजे.

परीक्षांबद्दल थोडेच लिहिते. एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षामंडळाच्या नेहमीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत १५० पैकी ९० गुण तीन रचनांना आणि उरलेले ६० आरोह-अवरोह (स्केल), न पाहिलेल्या पानाचे वाचन आणि श्रवणचाचणी यांना असतात. खालच्या इयत्ता ओळीने द्याव्यात असे बंधन नाही, सहावीपासून पुढे मात्र पाचवीच्या संगीतशास्त्राच्या किंवा तिच्या तोडीच्या परीक्षेची अट आहे. या सवलतीचा अर्थ अनेक पालक ‘मधल्या इयत्ता वगळा’ असा घेतात आणि वर्षभर तीन रचनाच पाठ करून घेतात. त्या साठ गुणांकडे पाहिले तरी ही घाई कशी अंगाशी येते ते समजेल.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे व्यासपीठाकडे येते. सांगली ही विष्णुदास भाव्यांची नगरी आहे. १८४३ साली इथे मराठी नाटक उभे राहिले. व्यासपीठाची ओढ आपल्या रक्तात आहे आणि मुलांना लोकांपुढे वाजवू द्यावे, या मताची मी आहे. पण दिवाळीनंतर शाळांची आणि वर्गांची स्नेहसंमेलने जवळ आली की ‘काहीतरी मोठे बसवा’ हा आग्रह सुरू होतो आणि शिक्षकाला नाही म्हणता येत नाही. माझे म्हणणे असे आहे, की संमेलनात मुलाने आपल्या तयारीच्या खालची रचना वाजवावी, जी त्याला झोपेतून उठवले तरी वाजवता येईल. दिव्यांचा झोत, अनोळखी वाद्य, समोर आजी-आजोबा आणि वर्गमित्र, या सगळ्यांत हात थरथरतो आणि तयारीचा मोठा भाग तिथेच गळून पडतो. जे उरते त्यातही गाणे शिल्लक राहिले पाहिजे.

सभागृह भरून टाकणारे काही ऐकवायचेच असेल, तर त्याला एक सुंदर मार्ग आहे आणि तो आपल्याकडे फारसा कोणी वापरत नाही: एका पियानोवर चार हात. डियाबेली या व्हिएन्नाच्या रचनाकार-प्रकाशकाने (ज्याच्या एका वॉल्ट्झवर बेथोवनने ३३ व्हेरिएशन लिहिली, तोच हा) आपल्या १४९ व्या क्रमांकाच्या कृतीत अशा २८ रचना दिल्या आहेत. विद्यार्थ्याचा भाग केवळ पाच स्वरांत आहे, हात जागचा हलवावा लागत नाही, आणि शिक्षकाचा भाग भरगच्च आहे. दोघे मिळून वाजवतात तेव्हा मूल एका पूर्ण, डौलदार रचनेच्या आत बसलेले असते. स्त्राविन्स्कीनेही १९१७ मध्ये एका वादकाचा भाग मुद्दाम सोपा ठेवून चार हातांच्या पाच रचना लिहिल्या आहेत. मैफलीत गुरूच्या मागे तंबोऱ्यावर बसलेला शिष्य मधूनच एक आलाप भरतो आणि गुरू पुढची जागा उचलून घेतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पियानोवर हे अक्षरशः शक्य आहे. शिक्षकांनाही यात व्यासपीठावर मुलाशेजारी बसावे लागते, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

अवघड रचना मुलाला कोणाला तरी ऐकवावीशी वाटते, ही इच्छाही दाबू नये. तिच्यासाठी घरगुती बैठक असावी. महिन्यातून एकदा चार-पाच विद्यार्थी कोणाच्या तरी घरी जमावेत, आणि तिथे प्रत्येकाने आपल्या मोठ्या रचनेचा जेवढा तुकडा बसला आहे तेवढाच, आठ मात्रापट्ट्या असतील तर आठच, वाजवावा. समोर बसलेल्यांना ते काय चालले आहे हे कळते, कारण तेही त्याच वाटेवर असतात. कोणाची कोणती बोटे कुठे अडतात यावर बोलणे होते, एकाची युक्ती दुसऱ्याला मिळते. चहा-पोहे झाले की सगळे घरी जातात. अशा बैठकांतून मुले अवघड रचनेत महिनोन्महिने टिकून राहतात, हे मी पाहिले आहे.

संमेलनांचे संयोजक, शाळांचे मुख्याध्यापक आणि संगीतवर्गांचे चालक यांना माझी विनंती आहे, की कोणी काय वाजवायचे हे पूर्णपणे शिक्षकावर सोडावे आणि त्याची यादी कार्यक्रमाच्या दोन महिने आधी कायम करावी. त्यानंतर ‘थोडे मोठे काही’ अशी मागणी करू नये. कार्यक्रमपत्रिकेत रचनेचे नाव छापताना ती मूळ रूपात आहे, सुलभ केलेली आहे की तिचा केवळ पहिला भाग आहे, हेही छापावे. सुलभ आवृत्ती वाजवण्यात कमीपणा नाही, पण मुलाला आपण नेमके काय वाजवले आणि काय अजून बाकी आहे हे ठाऊक असले पाहिजे. आणि आपल्या दैनिकालाही एक विनंती करते. संमेलनांची वृत्ते देताना ‘लहान वयात अवघड रचना लीलया सादर केली’ अशी वाक्ये वारंवार येतात, आणि पुढच्या वर्षीचा आग्रह तिथूनच सुरू होतो. आपल्या वार्ताहरांनी त्याऐवजी कोणत्या मुलाने कोणती रचना स्वच्छ, सुरेल आणि लयीत वाजवली, ती सोपी असली तरी, हे नावानिशी लिहावे. या जानेवारीतल्या संमेलनांपासून हे करता आले, तर आम्हा शिक्षकांना पालकांपुढे दाखवायला काहीतरी छापील हाताशी राहील.

आपली नम्र,
एक पियानो-शिक्षिका,
विश्रामबाग, सांगली